टोकाचं घरटं

फार मागची गोष्ट आहे, विहिरींवर बाभळी वाकलेल्या असायच्या तेव्हाची. अशाच एका बाभळीच्या फांदीला सुगरणींची घरटी लोंबत होती. एके दिवशी ती फांदी बुडाशी चिरली. सगळ्या घाबरल्या आणि शहाणा म्हणून त्यांनी ढोलीतल्या पिंगळ्याला, त्या छोट्या घुबडाला, बोलावलं.

पिंगळ्यानं मान फिरवून फिरवून पाहिलं. "टोकाच्या घरट्याचा ताण फार आहे. ते तोडलं तर बाकीची वाचतील. एक जाऊन सगळी वाचतात, तर त्यात पाप नाही."

"पण त्यात पिल्लं आहेत हो, पिंगळेबुवा," एक सुगरण म्हणाली. "त्यांची आई सकाळपासून बाहेर आहे. तिला विचारू तरी."

"आईला विचारून कधी न्याय झालाय का, बाई? तुझं घरटं टोकाला असतं, तर तू हो म्हणाली असतीस?"

बोलणं चोख होतं, कुणालाच त्यात खोट सापडेना. मग सगळ्यांनी मिळून चोचीनं धागे तोडले. घरटं विहिरीत पडलं.

ऊन चढल्यावर आई आली. चोचीतली गवताची लांब पाती फांदीवर ठेवून ती म्हणाली, "पहाटेच चीर दिसली मला. म्हटलं, सगळ्या मिळून फांदी बांधून काढू. विणण्या-बांधण्याशिवाय आपल्याला दुसरं येतंय काय?"

मग तिनं टोकाकडे पाहिलं.

शेवटी तिनंच एक पातं उचललं आणि चिरेभोवती गुंडाळू लागली.

ती फांदी पुढे कधी मोडली नाही. बाकीच्यांची पिल्लं तिच्यावरूनच उडाली.