केरबाची दाढ आणि मामांचा विडा

एका गावात एक भोळा गिरणीवाला होता. केरबा त्याचं नाव. सांगाल ते करायचा आणि तेवढंच करायचा. पस्तिशी उलटली तरी लग्न जमेना. थोरल्या बहिणीला, अनसाक्काला, त्याचाच घोर. शेवटी एक स्थळ आलं. मुलीचे वडील रविवारी घर बघायला येणार होते. आणि नेमकी बुधवारी केरबाची खालची अक्कलदाढ ठणकायला लागली.

तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंनी फोटो काढून बघितलं. दाढ हाडात आडवी झोपलेली. हिरडी कापून दाढ काढली आणि कापसाचा बोळा तोंडात दिला. "गच्च दाबून धरा. तोंड उघडू नका."

एसटीत कंडक्टरनं विचारलं, "कुठं जायचं?" केरबा गप्प. परत विचारलं. केरबा गप्पच. कंडक्टरनं पहिल्याच थांब्यावर उतरवला. गडी चार कोस पायपीट करून घरी आला.

आक्का म्हणाली, "आरं येड्या, तोंडातलं थुंकून टाकायचं आन् मग बोलायचं."

"बरं," केरबा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी गिरणीवर सखूमावशी आली. "झालं का रं दळण?" केरबा थुंकला. "झालं." "बारीक दळलंस न्हवं?" केरबा थुंकला. "दळलं." गिऱ्हाईक येईल तसा थुंकत राहिला. दुपारनंतर कुणी दळण आणलंच नाही. शुक्रवारी कळ कानात गेली. केरबा भिंतीला डोकं लावून रडला.

डॉक्टरीणबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "थुंकलात म्हणून जखमेतली रक्ताची गाठ निघाली, हाड उघडं पडलं." लवंगेच्या तेलाची पट्टी भरली आणि बजावलं, "पक्कं ध्यानात ठेवा. गाल फुगलेला, तोंडात लाल दिसतंय, तर थुंकायचं नाही. बोळा घालून अर्धा तास दाबायचं. बोलायचं तर मुळीच नाही."

"बरं," केरबा म्हणाला.

रविवारी मुलीचे वडील आले. दौलूमामा म्हणायचे त्यांना. गिरणी बघितली, म्हैस बघितली, मटणाचा रस्सा दोनदा मागून घेतला. आक्कानं तंबाखू घालून विडा दिला. मामांनी तो गालात धरला आणि हसत हसत मान डोलावली. आक्काच्या जिवात जीव आला. आता मामा तोंड मोकळं करणार आणि पोरगी दिली म्हणणार. मामा थुंकायला उठले.

केरबानं बघितलं. गाल फुगलेला. ओठाच्या कडेला लाल. माणूस थुंकायला निघालाय.

"मामा, थुंकू नका," केरबा ओरडला. देव्हाऱ्यातला वातीचा सगळा कापूस मामांच्या तोंडात कोंबला आणि हनुवटी दोन्ही हातांनी धरली. गिरणीवाल्याचे हात ते. मामा हातवारे करू लागले. केरबा म्हणाला, "बोलायचं तर मुळीच न्हाई." आक्का मागून त्याच्या पाठीत लाटणं हाणत होती. केरबा घड्याळाकडे बघत होता. मामांनी विडा गिळला, चुना गिळला, तंबाखू गिळली. मग त्यांचे डोळे पांढरे झाले.

बरोबर अर्ध्या तासानं केरबानं बोळा काढला. तोंडात वाकून बघितलं आणि खूश झाला.

"थांबलं बघा. आता बोला मामा, काय म्हणत हुता?"

मामा चपला हातात घेऊन अनवाणीच एसटीकडे पळत सुटले.

आक्का उंबऱ्यात बसून रडायला लागली. केरबा तिच्या शेजारी बसला. "रडू नगंस आक्का," तो म्हणाला. "मी त्यास्नी कंडक्टरशी पण बोलू नका म्हणून सांगून येतो."

आणि तो मामांच्या मागं धावला.