पानातली मोकळी जागा

एकदा एक तरुण देवीच्या डोंगरावर एका वृद्ध पुजाऱ्यांकडे आला आणि म्हणाला, "बाबा, मला लांब धावायला शिकवा."

त्याचे घराणे नदीत जाळी टाकणारे. त्याच्या गावी अशी रीत होती की, नवरात्राचा घट बसण्याआधी डोंगरावरच्या देवीकडून ज्योत आणायची आणि घटापुढचा अखंड दिवा त्याच ज्योतीने लावायचा. ज्योत एकानेच धावत न्यायची. वाटेत ती खाली टेकवायची नाही, दुसऱ्याच्या हाती द्यायची नाही. तेल घालायला एकजण सोबत असे, पण हात एकाचाच. आदल्या दिवशी उजाडता निघायचे, डोंगर उतरायचा, मधली खिंड चढायची आणि नदीच्या काठाने दिवेलागणीच्या आत गाव गाठायचे. त्या वर्षी हा मान या तरुणाकडे आला होता.

वृद्धांनी स्वतः ऐन उमेदीत अनेकदा ज्योत नेलेली होती. दरवर्षीच्या धावणाऱ्याला ते आषाढापासून डोंगरावर ठेवून घेत आणि तयार करीत. शिकवत म्हणजे फार बोलत नसत. आता वय झाले होते. दात पडल्यामुळे भाकरी सुटली होती. वरणभात कालवून तेवढा ते जेवत.

पहिल्याच दिवशी तरुणाने देवीच्या पायांवर हात ठेवून आणखी एक नेम केला. ज्येष्ठात त्याच्या जाळ्यात अंड्यांनी भरलेली एक मासळी आली होती आणि त्याच्या ओंजळीत तडफडून शांत झाली होती. ते त्याच्या मनातून जात नव्हते. तो म्हणाला, "ज्या हातात ज्योत धरायची, त्या हातानं आता जीव जायला नको. आजपासून मासे-मटण बंद. नवरात्रापुरतं नाही, कायमचं."

वृद्ध म्हणाले, "चांगलं केलंस." आणि दिव्याची वात सारखी करू लागले.

तरुण देवळाच्या स्वयंपाकघरात स्वतःपुरते रांधत असे. जन्मभर मासा आणि भात जेवलेला माणूस. मासा गेला, भात उरला. मग त्याच्या मनात आले की, उपवासाचे पदार्थ सर्वांत पवित्र, म्हणजे धावणाऱ्याला तेच सर्वांत चांगले. तो रोज साबुदाण्याची खिचडी, उकडलेला बटाटा, रताळे आणि केळी खाऊ लागला. पुढे कांदा-लसूण सोडला. वासराच्या तोंडचे नको म्हणून दूध-ताक सोडले. डाळ-उसळ धावताना पोटात गुरगुरते म्हणून तीही सोडली. प्रत्येक वेळी काही सोडले की आपण देवीच्या एक पायरी जवळ गेलो, असे त्याला वाटे. सोडण्यात एक गोडी असते, ती त्याला लागली होती.

सुरुवातीला त्याला अंग हलके वाटले. श्रावणात मात्र खिंडीच्या चढावर त्याच्या पोटऱ्या कापू लागल्या. टाचेला साधे खरचटले होते, ते भरेना. धावून आला की पायरीवर बसे, आणि एकदा बसला की उठणे नको होई. देवळातली घंटा कुणी जोरात वाजवली तरी तो चिडे. वृद्ध रोज विचारीत, "जेवलास का रे?"

"जेवलो बाबा. पोटभर."

ते खोटे नव्हते.

भाद्रपदाच्या सुरुवातीला एका सोमवारी त्याचा थोरला भाऊ आणि वहिनी डोंगरावर आले. वहिनी त्याच्याकडे बघतच राहिली.

"भावोजी, गाल कुठं ठेवून आलात?"

"धावणाऱ्याला गाल कशाला लागतात, वहिनी?"

"ते खरं. पण पायही तिथंच ठेवून आलात असं दिसतंय."

भाऊ मात्र हसला नाही. तो म्हणाला, "हे बघ, गावात चर्चा चालू आहे. पितृपंधरवडा लागायच्या आत मला गावकऱ्यांना सांगायचंय. तुला झेपत नसेल तर ज्योत चुलतभावाकडे जाईल. नाहीतर निमूट पहिल्यासारखा जेवायला लाग. उभं राहायला ज्याला भिंत लागते, त्याच्या हातात गाव ज्योत देणार नाही."

भाऊ दर्शनाला आत गेला तशी वहिनी हळूच म्हणाली, "मी सुकट भाजून आणलीय. पदराखाली आहे."

"वहिनी, देवीच्या दारात उभ्या आहात तुम्ही."

"म्हणून तर पदराखाली."

त्याने मान हलवली. तिने आग्रह केला नाही, पण जाताना पायऱ्यांवरून दोनदा मागे वळून पाहिले.

त्या संध्याकाळी तरुण वृद्धांपुढे येऊन बसला. "बाबा, नेम ठेवू की ज्योत ठेवू, ते सांगा. माझ्याच्यानं दोन्ही होत नाही. नेम मोडला तर ती मासळी मला झोपू देणार नाही. ज्योत सोडली तर गावात तोंड कसं दाखवू?"

वृद्ध म्हणाले, "उद्या मंगळवार. देवीचा नैवेद्य तू कर. मग बोलू."

दुसऱ्या दिवशी तरुणाने मन लावून स्वयंपाक केला. केळीचे पान मांडले. वरच्या बाजूला मीठ आणि लिंबाची फोड, डावीकडे तिळाची चटणी आणि काकडीची कोशिंबीर, उजवीकडे राजगिऱ्याची पालेभाजी, बटाट्याची भाजी आणि मटकीची उसळ, मधोमध भाताची मूद, शेजारी वरणाची आणि दह्याची वाटी. आईच्या हाताखाली शिकलेले, तसेच सगळे.

वृद्ध आले. त्यांनी पानाकडे कौतुकाने पाहिले. मग शांतपणे वरणाची वाटी उचलून बाजूला ठेवली. मग दह्याची. उसळ काढली, पालेभाजी काढली, चटणी पुसून घेतली, लिंबाची फोडसुद्धा उचलली. पानात भात, बटाटा, मीठ आणि काकडीची कोशिंबीर उरली. बाकी नुसते ओले डाग. ते पान घेऊन वृद्ध गाभाऱ्याकडे चालू लागले.

तरुण आडवा आला. "बाबा, हे काय करता?"

"नैवेद्य दाखवतो."

"असा?"

"का? उरलंय ते शुद्ध नाही का?"

"शुद्ध आहे, पण..."

"भात भरपूर आहे. भूक भागेल की देवीची."

"भुकेचा प्रश्न नाही, बाबा. अर्धं पान देवीपुढं ठेवायचं नसतं. एकदा आमच्याकडं पुरणाला डाळ नव्हती, तर आईनं त्या जागी गव्हाची खीर ठेवली. ती म्हणायची, एक जिन्नस काढला तर त्या जागी त्याच्या तोलाचा दुसरा ठेवावा. जागा मोकळी ठेवू नये."

वृद्ध उंबऱ्याशी थांबले. "हे तुझ्या आईनं सांगितलं?"

"हो."

"शहाणी बाई. मग पोरा, तुझ्या पानातून मासा निघाला, त्या जागी तू काय ठेवलंस?"

तरुण उंबऱ्याशीच खाली बसला.

वृद्धांनी पान खाली ठेवले आणि तेही त्याच्याशेजारी बसले.

"तुझा नेम खरा आहे, तो मोडायचं कारण नाही," ते म्हणाले. "चूक एवढीच की तू नेमाचा अर्धा भाग पाळलास. मासा तुझ्या अंगाला बळ देत होता, तुझी झीज भरून काढत होता. ते काम आता दुसऱ्या कुणाला तरी करावं लागणार. ते डाळीचं काम, मोड आलेल्या मटकी-हुलग्याचं काम. आणि डाळ एकटी नको, भाताशी किंवा भाकरीशी तिची जोडी असू दे. रक्त पालेभाजीनं आणि तिळानं सांभाळायचं, पालेभाजीवर लिंबू पिळायचं, म्हणजे ती अंगी लागते. दूध-ताक पुन्हा सुरू कर. वासराला पोटभर पाजून उरतं तेवढंच आपण इथं घेतो, ते मी तुला दाखवतो. साबुदाणा, बटाटा वाईट नाहीत. धावायला ते जळण देतात. पण नुसतं जळण घालून चूल सारवली जात नाही, पोरा. तिला भेगा पडल्यात आता."

"पण डाळ पोटात गुरगुरते."

"धावायच्या तोंडावर खाल्लीस तर गुरगुरणारच. धावून आल्यावर खा. वाटेत खायला शेंगदाण्याचे गुळातले लाडू जवळ ठेव, आणि मीठ-लिंबाचं पाणी. उद्या पायथ्याच्या वैद्यांकडेही जाऊन ये. झालेली झीज मला नुसत्या डोळ्यांनी मोजता येत नाही."

तरुणाने वाट्या एकेक करून पानात परत ठेवल्या. उसळ, पालेभाजी, चटणी आणि लिंबूही पुन्हा वाढले. मग त्याने विचारले, "बाबा, मी आडवा आलो नसतो तर?"

"तर काय, उंबऱ्याला ठेच लागल्याचं सोंग केलं असतं. या वयात कुणी संशय घेत नाही."

तरुण खाली गेला, वैद्यांना भेटला, त्यांनी दिलेले औषध घेऊ लागला. भावाला त्याने निरोप पाठवला की ज्योत मीच आणीन. पहिल्या आठवड्यात फारसा फरक पडला नाही. त्याला वाटले, उगीच निरोप दिला. मग एका सकाळी टाचेवरची खपली आपोआप गळून पडली आणि खाली नवी कातडी दिसली. त्यानंतर खिंडीचा चढ हळूहळू पूर्वीसारखा झाला.

सर्वपित्रीच्या दिवशी उजाडता वृद्धांनी नंदादीपावरून ज्योत पेटवून त्याच्या हाती दिली. तेल घालायला तोच चुलतभाऊ होता. खिंडीच्या मध्यावर तरुणाचा श्वास मोठा झाला, तसा चुलतभाऊ म्हणाला, "अजून वेळ गेली नाही. इथं कुणी बघत नाही, हात बदलू या का?"

"तेल घाल," तरुण म्हणाला. कमरेच्या पिशवीतून त्याने एक लाडू काढून तोंडात टाकला, आणि दुसरा चुलतभावाला दिला. "आणि हे खा. तूच जास्त धापा टाकतोयस."

दिवेलागणीच्या आत ज्योत वेशीवर पोहोचली. वहिनी आरतीचे तबक घेऊन उभी होती. ओवाळताना तिने त्याच्याकडे नीट पाहिले आणि म्हणाली, "गाल आणलेत परत. बरं केलंत." त्या रात्रीच्या जेवणात तिने त्याचे पान वेगळे मांडले होते. त्यात हुलग्याचे पिठले होते, आणि ते तिने कुणी न सांगता केले होते.

दसरा झाल्यावर तरुण सोने द्यायला डोंगरावर गेला. वृद्ध जेवायला बसत होते. पानात भात आणि वरण. डावीकडे, जिथे पूर्वी भाकरी असे, तिथे काहीच नव्हते. दात गेल्यापासून ती जागा तशीच होती, आणि तिच्याकडे कुणाचे लक्ष गेले नव्हते, त्यांचेही नाही.

तरुण काही न बोलता स्वयंपाकघरात गेला. थोड्या वेळाने नाचणीची आंबील घेऊन आला. मऊ, ताक घातलेली, वरून जिऱ्याची पूड. ती वाटी त्याने त्या जागी ठेवली.

वृद्धांनी वाटीकडे पाहिले, मग त्याच्याकडे.

"जागा मोकळी दिसली, बाबा," तो म्हणाला.

वृद्धांनी वाटी दोन्ही हातांनी उचलून कपाळाला लावली आणि सावकाश आंबील प्यायला सुरुवात केली.