बिनतोंड्या स्वाराची डोण

आंबेखोलच्या खाडीकाठी, विहिरीला लागून जी दगडी डोण आहे, तिच्यावर बसून फोटो काढू नका. तीत म्हशी पाणी पितात, आणि या गावात पाहुण्यापेक्षा म्हशीला मान जास्त आहे. डोणीच्या पुढच्या अंगावर एक घोडेस्वार कोरला आहे. घोड्याच्या टापांखाली सिंह उताणा पडला आहे, कडेला द्राक्षांचे वेल आणि फळांच्या टोपल्या घेतलेली चार गुबगुबीत पोरं. सगळं कसं रेखीव. स्वाराला तेवढं तोंड नाही. मानेवर नुसता ओबडधोबड गोळा आहे.

ही डोण मुळात डोण नव्हेच, शवपेटी आहे. फार पूर्वी इथे यवनांची गलबतं लागत, तेव्हा क्रिस्पस नावाचा रोमचा एक व्यापारी इथे येऊन राहिला होता, असे सांगतात. गाव त्याला किरपाशेट म्हणे. आपल्याला पुरण्यासाठी त्याने जिवंतपणीच ही पेटी मायदेशाहून मागवली. तिकडे अशा पेट्या तयार मिळत म्हणे. शूराचं धड आधीच कोरलेलं, चेहरा कोरा. जो विकत घेईल त्याचा बसवायचा. आयतं शौर्य! किरपाशेट आल्यागेल्याला पेटीपुढे उभा करून अर्थ सांगत बसे. सिंह म्हणजे मृत्यू, त्याला मारणारा स्वार म्हणजे मी. चार पोरं म्हणजे चार ऋतू. ते फिरून फिरून येतात, तसा मीही मरून उरणार. आणि हा गडी घरात पाल दिसली की नोकराला हाका मारायचा.

तोंड कोरायचं काम सोमा पाथरवटाकडे आलं. त्याची बायको चांगुणा हिला ते मुळीच रुचलं नाही.

‘‘भित्र्याक शूर करू नको,’’ ती म्हणाली.

‘‘पोटासाठी करूचा लागता,’’ सोमा म्हणाला.

एका सकाळी सोमा किरपाशेटच्या अंगणात छिन्नी काढून बसतो न बसतो, तोच डोंगराकडच्या करवंदीच्या जाळीतून वाघ खाली उतरला. पेटीचं झाकण अर्धं सरकवलेलं होतं. किरपाशेट त्या फटीतून आत घुसला. आत आणखी एक माणूस सहज मावला असता. सोमाने काठावर हात टाकले, तर शेटने आतून त्याच्या बोटांवर लाथा हाणल्या. चांगुणा अंगणालगतच्या विहिरीवर पाणी भरत होती. तिने हे डोळ्यांनी पाहिलं. सोमा मागे वळला आणि हातोडा घेऊन वाघापुढे उभा राहिला. माणसं धावून येईपर्यंत वाघ डोकं फुटून पडला होता, आणि सोमाही उरला नव्हता. पेटीतून मात्र ‘‘गेला का? गेला का?’’ असा आवाज येत होता, म्हणे.

सोमाची राख निवली नाही, तोवर या निर्लज्जाने दुसरे पाथरवट बोलावले. आता त्याला सिंहाशेजारी वाघही कोरून हवा होता. मारणारा अर्थात तोच!

चांगुणेला दुसरं काही नको होतं. नवरा गेला तो गेला, पण त्याची करणी या भेकडाच्या तोंडाला चिकटता कामा नये, एवढंच तिने मनाशी धरलं. ती सोमाचा रक्ताळलेला हातोडा घेऊन आली आणि तिने तो पेटीवर ठेवला.

‘‘हेच्यार हात ठेवा, आणि मगे काय कोरूचा ता कोरा.’’

एकाचाही हात पुढे झाला नाही. या दगडाला छिन्नी लावायची नाही, अशी शपथ पाथरवटांनी तिथेच घेतली. किरपाशेटने दूरदूरचे कारागीर आणवले. हातोड्याची हकीकत कळली की तेही आल्या पावली परत जात. दुसऱ्याच्या धडावर मिरवायला निघालेल्या माणसाला आता स्वतःचं तोंड दाखवायला जागा उरली नाही. शेवटी तो एका गलबतात बसून चालता झाला. पेटी मागेच राहिली. तो कुठे मेला, हे गावाने कधी विचारलंही नाही.

मग गावाला कळवळा आला. स्वाराला सोमाचं तोंड द्यावं, असं जाणती माणसं म्हणू लागली. वाघ आला तेव्हा यांच्यातलं कोण कुठे दडून बसलं होतं, ते चांगुणेला ठाऊक होतं. आता त्यांनाही आयतं शौर्यच हवं होतं! ती उसळली.

‘‘माझो घोव घोड्यार नव्हतो. जमनीर उभो होतो.’’

तिने त्यांनाच झाकण खाली ढकलायला लावलं, घागरीने पेटी भरली आणि आपली म्हैस आणून पाण्याला लावली. मग ओंजळभर शेण उचलून त्या कोऱ्या गोळ्यावर थापलं.

आजही आंबेखोलची बाई म्हशीला पाणी दाखवायला येते, तेव्हा पहिली शेणी त्या स्वाराच्या मानेवर थापते. दिवसभर ती उन्हात वाळते आणि संध्याकाळी चुलीत जाते. किरपाशेटला असं रोज नवं तोंड मिळतं. सोमाची मूर्ती मात्र गावात कुठेच नाही. तो उभा राहिला ती जागा तेवढी राखलेली आहे, विहीर आणि डोण यांच्या मधली. तिथे कुणी पायात काही घालून जात नाही. पाहुणे, तुम्ही आता उभे आहात ती तीच. चपला काढा.