हात न पोचलेली जागा

एकदा एक गृहस्थ रंगावरचे ओरखडे घालवण्याची विद्या शिकण्यासाठी एका वृद्ध मिस्त्रींकडे गेले. गृहस्थांचे नाव दिगंबर मोडक, वय एकोणसाठ. शिष्य म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर जी नम्र, कोवळी मूर्ती उभी राहते, तिच्याशी मोडकांचे काडीचेही साम्य नव्हते. तीस वर्षे ते सरकारी मोजणी खात्यात मोजणीदार होते. दोन भावांच्या बांधावर उभे राहायचे, दोघांचाही आरडाओरडा शांतपणे ऐकून घ्यायचा, मग जमीन मोजून हद्द कायम करायची आणि त्यानंतर कुणाचेही काही ऐकायचे नाही, अशी त्यांची ख्याती होती. अशा माणसाने साठाव्या वर्षी कुणाला तरी गुरू करावे, हीच मुळात कुतूहलाची गोष्ट होती.

निमित्त होते त्यांच्या मोटारीचे. गर्द निळ्या रंगाची ही मोटार सहा वर्षांची होती आणि मोडकांच्या मते अजून कालच दुकानातून आणल्यासारखी होती. रोज सकाळी सहा वाजता पत्र्याच्या शेडमध्ये जाऊन ते पिवळ्या फडक्याने तिचे अंगअंग पुसत. एकदा तापाने फणफणले असतानाही ते कानाला मफलर गुंडाळून गाडी पुसून आले होते. बाहेर काढत ती मात्र संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, मंडईपुरती. आपली एकुलती एक मुलगी ऋजुता हिच्यावरही त्यांचे असेच बारीक लक्ष असे. लहानपणी वहीचा समास, पुढे स्कूटरचा वेग, आता ती कॉलेजात शिकवू लागल्यावर तिचे मुलांना मार्क देणे, असे रोज काही ना काही ते तिला सुधारून सांगत. त्यात त्यांची मायाच होती, याबद्दल कुणालाही शंका नको.

दोन महिन्यांपूर्वी परीक्षेच्या कामासाठी ऋजुता गाडी घेऊन दोन दिवस परगावी गेली. परत आली तेव्हा शेडमध्ये गवंड्याने सिमेंटची पोती रचून ठेवली होती, म्हणून तिने गाडी अंगणात उभी केली. दुसऱ्या दिवशी भर दुपारी मोडक अंगणात आले आणि जागच्या जागी थिजले. बॉनेटवर सूर्याचे प्रतिबिंब पडले होते आणि त्याच्याभोवती कोळ्याने विणल्यासारखे बारीक ओरखड्यांचे गोल गोल जाळे चमकत होते. त्यांनी मुलीला बाहेर बोलावले आणि तिच्या आईदेखत सांगितले, "तुझ्या हातात चांगली वस्तू टिकत नाही."

ऋजुताने गाडीची किल्ली दारामागच्या खिळ्याला अडकवली आणि दुसऱ्या दिवसापासून ती पावणेसातच्या एसटीने कॉलेजला जाऊ लागली. घरात बोलणे जेवायला वाढले आहे, दूध आले आहे, एवढ्यावर आले. आईने चार दिवस मध्यस्थी करून पाहिली आणि सोडून दिली. त्यातच ऋजुताला नागपूरला नोकरी लागली. सोमवारी ती जाणार, आणि किल्ली अजून खिळ्यालाच, हे मोडकांना आतून खात होते. मुलगी अशी न बोलता घरातून गेली तर ती पुन्हा पूर्वीसारखी येणार नाही, हे त्यांना पक्के कळत होते.

तेव्हा त्यांनी एक बेत केला. ओरखडे घालवायचे, गाडी आरशासारखी करायची, मग ऋजुताला बोलावून मोठ्या मनाने म्हणायचे की झाले गेले विसरून जा. क्षमा करण्यात एक निराळेच सुख असते, आणि मोडकांनी ते आधीच थोडे थोडे चाखायला सुरुवात केली होती.

मिस्त्रींनी पंचाहत्तरी ओलांडली होती. आयुष्यभर त्यांनी मोटारी रंगवल्या होत्या. त्यांनी सगळी हकिकत ऐकली, मुलीने काय केले तेही ऐकले, आणि एकच प्रश्न विचारला, की गाडी रोज कोण पुसते. मोडकांनी छाती पुढे काढून सांगितले की आपणच, रोज सकाळी कोरड्या फडक्याने, दुसऱ्या कुणाला ते हात लावू देत नाहीत. मिस्त्रींनी मान हलवली. शुक्रवारी दहाला येतो म्हणाले, ऊन लागेल म्हणाले, आणि एक स्टूल व कागदी चिकटपट्टीचे एक रीळ आणून ठेवायला सांगितले.

मोडकांनी त्याशिवायही पुष्कळ काही आणून ठेवले होते. पॉलिशचे दोन डबे, स्पंज, घासायचे एक यंत्रसुद्धा. शुक्रवारी मिस्त्रींनी त्या साऱ्या संसाराकडे कौतुकाने पाहिले आणि तो बाजूला ठेवला. गाडी अंगणात उन्हात होती. जाळे कुठे आहे ते दाखवा, असे त्यांनी सांगितले. मोडकांनी बॉनेटवर बोट ठेवले. मिस्त्रींनी त्यांना गाडीच्या दुसऱ्या बाजूला बोलावले आणि आता कुठे आहे म्हणून विचारले.

जाळे सरकून मोडकांबरोबर आले होते. ते दोन पावले मागे गेले, जाळेही गेले. त्यांनी एक डोळा मिटला, वाकून पाहिले, जाळ्याच्या मध्यबिंदूवर नेमके बोट टेकवले. डोके हलले तसा मध्यबिंदू बोटाखालून निसटला. तीस वर्षांत त्यांना अशी खूण भेटली नव्हती. ओरखड्यांचे दुःख विसरून ते लहान मुलासारखे गाडीभोवती हिंडू लागले.

"जाळं नाहीच ते, साहेब," मिस्त्री म्हणाले. "ओरखडे गाडीभर आहेत, उभे, आडवे, तिरके. सूर्याच्या भोवतीनं जे वळतात तेवढेच चमकतात, म्हणून गोल दिसतं. जिथं ऊन पडेल तिथं निघतील. सावलीत मात्र एक दिसायचा नाही."

सावलीत हा शब्द मोडकांच्या मनात कुसळासारखा रुतला, पण त्यांनी तिकडे लक्ष दिले नाही. इतक्यात मिस्त्रींनी चिकटपट्टी त्यांच्या हाती ठेवली.

"तुम्ही मोजणीतले. या ओरखड्यांची हद्द कायम करा. जिथं संपतील तिथं पट्टी लावा."

मोडकांना हे जरा विचित्रच वाटले. औषध मागायला गेलेल्या माणसाला वैद्याने खोलीची लांबी-रुंदी मोजायला सांगावी, तसा प्रकार. पण काम हातखंड्याचे होते आणि हद्द म्हटल्यावर त्यांना राहवेना. बॉनेटवर हद्द सापडली नाही. ओरखडे या टोकापासून त्या टोकापर्यंत होते. दारांवर ते वरून खाली येत आणि तळाच्या वर वीतभर अंतरावर थांबत. तिथे त्यांनी पट्टी लावली. मग स्टुलावर चढून त्यांनी टप पाहिला. टपाच्या मध्यभागी, डावीकडे थोडी कललेली, बसायच्या पाटाएवढी एक जागा होती. डोके कसेही हलवून सूर्याचे प्रतिबिंब त्या जागेवर आणले, तरी त्याभोवती जाळे उमटत नव्हते. तिथे सूर्य एकटाच दिसत होता, स्वच्छ. मोडकांनी त्या जागेभोवती पट्टी फिरवली आणि विचारात पडले. कारखान्यात इथे निराळा रंग मारला असेल का, की इथे काही झाकण होते, असे दोन-तीन तर्क त्यांनी बोलून दाखवले. मिस्त्रींनी कशालाही होकार दिला नाही.

"आता तुमचं रोजचं फडकं आणा," ते म्हणाले. "ओलं करून पिळा, आणि रोज पुसता तशी गाडी पुसा. स्टूल नको. शेडमध्ये जिथं उभे राहता तिथंच उभं राहायचं."

मोडकांनी सांगितले की शेडमध्ये डाव्या बाजूला भिंत आहे, तिथून तिरके व्हावे लागते. मिस्त्री भिंत म्हणून स्वतः उभे राहिले. मोडक त्यांच्या आणि गाडीच्या मधून अंग चोरून शिरले आणि हात लांब करून टप पुसू लागले. हाताला सवय होती, तो आपोआप गोल गोल फिरत होता. दारांपाशी ते गुडघे वाकतील तेवढे वाकले. पुसून झाल्यावर मिस्त्रींनी त्यांना स्टुलावर चढायला सांगितले.

ओल उन्हात चमकत होती. टपावर चारी बाजूंनी ती पट्टीपर्यंत आली होती आणि तिथे थांबली होती. कुठे बोटभर अलीकडे, कुठे बोटभर पलीकडे, याहून जास्त फरक नव्हता. मधली पाटाएवढी जागा कोरडी होती. मोडकांनी खाली दारांकडे पाहिले. गुडघेदुखीमुळे जिथे त्यांचे वाकणे संपत असे, तिथेच ओल संपली होती आणि तिथेच पट्टी होती.

माणसांच्या बोलण्यावर त्यांनी कधीच विश्वास ठेवला नव्हता. हद्दीवर मात्र नेहमी ठेवला होता. ते स्टुलावरून उतरले आणि त्याच स्टुलावर बसले. त्यांना फार लाज वाटत होती.

"मिस्त्री, तिनं फक्त गाडी उन्हात लावली," ते म्हणाले.

मिस्त्री त्यांच्यासमोर पायरीवर टेकले. "तुमचा हात वाईट नाही, साहेब. माया होती म्हणूनच तर रोज पुसत होता. पण कोरडं पुसलंत. रात्रीतून बसलेली धूळ म्हणजे बारीक वाळूच असते. आधी पाणी सोडलं असतं तर ती आपली वाहून गेली असती. तुम्ही ती रोज सकाळी रंगावर रगडलीत. ज्याला आपण फार जपतो ना, त्यालाच आपला हात फार लागतो."

मोडकांनी विचारले, की हे आता भरून निघेल का.

"निघून जातील, पण भरणार नाहीत. ओरखडा कधी भरत नसतो. लोकांना वाटतं पॉलिश त्यात जाऊन बसतं. तसं नाही. रंगावर काचेसारखा एक थर असतो, कागदाहून पातळ. त्या थराला हलक्या हातानं घासत खाली आणायचं, ओरखड्याच्या तळापर्यंत. सगळं एका पातळीला आलं की ओरखडा उरत नाही. जे वर आहे त्यालाच खाली यावं लागतं, दुसरा इलाज नाही. आणि हे फार वेळा करता येत नाही. तेवढा थरच नसतो. म्हणून आधी हात बदलायचा, मग घासायचं."

त्यानंतर खरा धडा सुरू झाला. आधी भरपूर पाणी सोडून गाडी धुतली. दारांच्या कडांना पट्टी लावली, कारण कडांवर थर अधिकच पातळ असतो. यंत्र खोक्यातच राहिले. स्पंजवर वाटाण्याएवढे पॉलिश घेऊन हातभर जागा हळूहळू घासायची, पुसायची, उन्हात पाहायची, असे चालले. मोडक मधून मधून प्रश्न विचारत होते आणि विशेष म्हणजे उत्तर पूर्ण होईपर्यंत थांबत होते. दाराच्या मुठीजवळ एक ओरखडा निघेना, तेव्हा मिस्त्रींनी त्यावरून नख फिरवले. नखाला लागतो तो घालवायच्या नादात थरच जाईल, तो तसाच राहू द्यायचा, असे त्यांनी सांगितले. संध्याकाळपर्यंत बॉनेट, दारे आणि टपाच्या कडा झाल्या. टपावरच्या त्या पाटाएवढ्या जागेला काहीच करायचे नव्हते. तिच्याभोवतीची पट्टी मोडकांनी काढू दिली नाही.

साडेपाचच्या एसटीने ऋजुता आली. अंगणात उभी असलेली गाडी पाहून ती नेहमीसारखी नजर वळवून दाराकडे निघाली. मोडकांनी मनात घोकून ठेवलेले क्षमेचे भाषण आता काही उपयोगाचे नव्हते.

"ऋजू, जरा थांब," ते म्हणाले. "ते ओरखडे माझे होते. सहा वर्षं कोरडं फडकं फिरवलं त्याचे. तुझा काही संबंध नव्हता. मी तुला फार वाईट बोललो. मला माफ कर."

ऋजुता खांद्यावरची पिशवी धरून उभी राहिली. वडिलांच्या तोंडून हा शब्द तिने कधी ऐकलाच नव्हता. मग ती म्हणाली, "फडकं ओलं करून पुसा, असं मी मागच्या दिवाळीत तुम्हाला म्हटलं होतं."

"म्हटलं होतंस. आता तू मला शिकवणार का, असं मी म्हणालो होतो."

तिचे लक्ष टपावरच्या पट्टीकडे गेले. हे काय म्हणून तिने विचारले आणि ती स्टुलावर चढली. मोडकांनी सांगितले की तेवढ्या जागेवर एकही ओरखडा नाही, कारण तिथे त्यांचा हात पोचत नाही. ऋजुताने त्या कोऱ्या निळ्या जागेवर तळहात ठेवला आणि कितीतरी वेळ ती तिथेच पाहत राहिली.

"बरं झालं, बाबा," ती हळूच म्हणाली. "तेवढी तरी जागा राहिली."

ती गाडीबद्दल बोलत नव्हती, हे मोडकांना कळले. त्यांना वाईट वाटले आणि हायसेही वाटले. नागपूरला खोली कशी बघावी, कुणाशी किती बोलावे, पैसे कुठे ठेवावेत, हे सारे त्यांच्या ओठांवर तयार होते. ते त्यांनी गिळले आणि तिला काय काय न्यायचे आहे ते विचारले. ती सांगू लागली, तसे ते पायरीवर बसून ऐकत राहिले.

सोमवारी सकाळी ऋजुताने दारामागच्या खिळ्यावरून किल्ली काढली. स्टँडवर जाताना गाडी तीच चालवत होती आणि मोडक शेजारी बसले होते. फाटकातून बाहेर पडताना तिने वळण जरा घाईने घेतले. मोडकांचे तोंड उघडले आणि तसेच मिटले. ऋजुताने ते पाहिले. तिने आपण होऊनच गाडीचा वेग थोडा कमी केला.