दाराखाली अडकला हलवा

होती एक मुंगी. मोहरीएवढी. म्हणून तिचं नाव राई.

राई राहायची एका उंच इमारतीत. जिन्याखालच्या भेगेत.

आज होती संक्रांत.

पूर्वी संक्रांतीला जिना कसा वाजायचा! धडधड धडधड! मुलं वर जायची. मुलं खाली यायची. हातात डबा. "तिळगूळ घ्या! तिळगूळ द्या!" सगळी दारं उघडी. पायरीपायरीवर तीळ सांडायचे. हलवा सांडायचा. मुंग्यांची चंगळ!

आणि आता? जिना गप्प. दारं बंद. तिळगूळ येतो फोनवर. टिंग! नुसतं चित्र. चित्रातून काही सांडत नाही.

राई सकाळपासून हिंडत होती. या पायरीवर काही नाही. त्या पायरीवर काही नाही. घरी धाकट्या मुंग्या भुकेल्या.

शेवटी कोपऱ्यात सापडला. हलव्याचा एक दाणा! पांढरा पांढरा. काटेरी काटेरी.

राईनं तो ओढला. सर्र सर्र. हुश्श! सर्र सर्र. हुश्श!

तेवढ्यात सुटला. टुण टुण टुण! गेला एका दाराखाली. बसला गच्च.

राईनं ओढला. निघेना. राईनं ढकलला. निघेना.

राई म्हणाली, "दारदादा, दारदादा, जरा हल ना. हलवा सुटेना. मी काय करू? दमले बाई दमले!"

दार म्हणालं, "मीही दमलो. आत घाटे आजोबा आहेत. सकाळी वाटीभर हलवा घेऊन बसले. मला उघडं ठेवलं. कुणी आलंच नाही. मग त्यांनी वाटी झाकली. मला लावून घेतलं. आता बेल वाजली, तर हलेन."

राई निघाली. तुरु तुरु. भिंतीवर चढली. बेलपाशी आली.

"बेलबाई, बेलबाई, जरा वाज ना. दार हलेना, हलवा सुटेना. मी काय करू? दमले बाई दमले!"

बेल म्हणाली, "मी आपली आपण कशी वाजू? वर रेवू राहते. तिचं बोट लागलं, तर वाजेन."

राई निघाली. तुरु तुरु. हुश्श! जिना चढली. रेवूच्या घरी आली.

रेवू खिडकीत बसली होती. काळा झगा घालून. गाल फुगवून.

"रेवूताई, रेवूताई, जरा नीघ ना. बेल वाजेना, दार हलेना, हलवा सुटेना. मी काय करू? दमले बाई दमले!"

रेवू म्हणाली, "मी कधीची तयार आहे. बघून बघून कंटाळले. आईच्या फोनवर किती तिळगूळ आले! एकही खाता येत नाही. पण रिकाम्या हातानं कशी जाऊ? डबा भरला, तर निघेन."

राई निघाली. तुरु तुरु. हुश्श! ओट्यावर चढली. डब्यापाशी आली.

"डबेराव, डबेराव, जरा भरा ना. रेवू निघेना, बेल वाजेना, दार हलेना, हलवा सुटेना. मी काय करू? दमले बाई दमले!"

डबा म्हणाला, "ठण ठण! ऐकलंस? मी रिकामा. आई उठली, तर भरेन."

राई निघाली. तुरु... तुरु... हुश्श! खुर्चीवर चढली. आईपाशी आली.

आई नुकतीच कामावरून आली होती. पर्स अजून खांद्यालाच. डोळे मिटलेले.

"रेवूच्या आई, रेवूच्या आई, जरा उठा ना. डबा भरेना, रेवू निघेना, बेल वाजेना, दार हलेना, हलवा सुटेना. मी काय करू? दमले बाई दमले!"

आईनं एक डोळा उघडला. "अगं, तीळ आहेत. गूळ आहे. अंगात त्राण नाही. कुणी कपभर चहा दिला, तर उठेन. बाबांना सांग."

राई निघाली. तुरु... ... तुरु... हुश्श! बाबांपाशी आली.

बाबा पलंगावर आडवे. पाय लांब सोडलेले.

"रेवूचे बाबा, रेवूचे बाबा, जरा चहा करा ना. आई उठेना, डबा भरेना, रेवू निघेना, बेल वाजेना, दार हलेना, हलवा सुटेना. मी काय करू? दमले बाई दमले!"

बाबा म्हणाले, "दिवसभर उभा होतो गं. पाय नुसते ठणकतायत. आता कुणी हसवलं, तरच उठेन."

राईला रडूच आलं. "मी कशी हसवू? मलाच हसू येत नाही."

पुढं कुणाकडं जायचं? पुढं कुणीच नव्हतं.

राई बाबांच्या तळव्यावर चढली. पाय उचलवेनात. ओढत ओढत चालली. इकडून तिकडं. तिकडून इकडं.

गुदु गुदु. गुदु गुदु.

"अरे! हे काय? ही ही! हा हा हा!"

बाबा हसले! बाबा उठले. आईला म्हणाले, "अगं, घोटभर चहा घेतेस का?"

बाबांनी चहा केला. आई भुर्र भुर्र प्याली. आई उठली. पर्स ठेवली. पदर खोचला.

तीळ भाजले. तडतड तडतड! गूळ वितळला. बुडबुड बुडबुड! बाबा म्हणाले, "हाय हाय, भाजलं!" आई म्हणाली, "अहो, हाताला तूप लावा आधी." दोघांनी लाडू वळले. काही गोल. काही वाकडे.

डबा भरला. रेवू निघाली. धडधड धडधड! जिना उतरली. पाठोपाठ शेजारचा इमरान आला. पाठोपाठ जुई आली.

रेवूनं बोट लावलं. बेल वाजली. टिंगटाँग!

दार हललं. करर्र!

आणि टुण! हलवा सुटला!

दारात घाटे आजोबा. चष्मा कपाळावर. "आलात होय रे? मला वाटलं, यंदा कुणी येतच नाही."

"तिळगूळ घ्या, आजोबा!"

"द्या द्या. वाकडा द्या. मला वाकडाच आवडतो."

आजोबांनी वाटी आणली. वाटी कलंडली. टप टप टप! पायरीवर हलवाच हलवा!

"सांडला, आजोबा! उचलू?"

"राहू दे गं. बघ, मुंग्या आल्यात. त्यांचाही सण आहे."

मुलं पुढं गेली. टिंगटाँग! करर्र! दुसरं दार उघडलं. टिंगटाँग! करर्र! तिसरं दार उघडलं.

भेगेतून धाकट्या मुंग्या आल्या. रांगेनं. कुटुम कुटुम! कुटुम कुटुम! पोटभर खाल्लं.

आणि राई? राईनं आपला दाणा जवळ ओढला. एकदा चाटला. गोड होता.

मग त्याला टेकली. डोळे मिटले.

शू! हळू बोला हं. राई झोपलीय.