पिवळी रेषा

माझी मृण्मयी स्वमग्न आहे. ती स्वतःहून फारसं बोलत नाही, पण कानावर पडलेलं जसंच्या तसं म्हणत राहते. त्या दिवशी मनोरंजन पार्कात हे मी तिकिटाच्या खिडकीपासून आकाशपाळण्यापर्यंत भेटेल त्याला समजावून सांगितलं. घसा कोरडा पडला, तरी प्रत्येक ठिकाणी नवा माणूस आणि पुन्हा तोच प्रश्न, "हिला काय झालंय?"

पाळण्याच्या रांगेत आम्ही पुढे पोचलो, तर मॅनेजरच आडवा आला.

"बाई, हिला बसवता येणार नाही. इथे सूचना कळाव्या लागतात. आणि आधी हिला गप्प करा, केव्हाची ओरडतेय!"

मृण्मयी त्याच्याकडे बोट दाखवून ओरडतच होती, "पाळणा थांबेपर्यंत पिवळ्या रेषेच्या मागे उभे राहा!"

"ही सूचना कुणाची?" मी विचारलं.

"आमचीच. दिवसभर स्पीकरवर चालू असते."

"मग साहेब, जरा खाली बघा."

त्याचे चकचकीत बूट रेषेच्या चांगले हातभर पुढे होते.

"हिला गप्प करायचंय ना? मागे सरका."

रांगेत हसू फुटलं. तो मुकाट्याने मागे सरकला आणि मृण्मयी त्याच क्षणी गप्प झाली.

"आता सांगा," मी म्हटलं, "सूचना कळत नाहीत त्या कुणाला?"