सुरंगीची तहानलेली होडी

एका खाडीला दोन काठ होते, आणि जो ज्या काठावर राही त्याला पलीकडचा काठ अधिक बरा वाटे. म्हणून दोन्ही काठांमध्ये एक होडी चालत असे. सकाळी इकडची माणसं तिकडे जात, संध्याकाळी परत येऊन तिकडचं कौतुक सांगत, आणि होडीवाल्याचं घर त्यावर चाले.

होडीवाल्याचं नाव धाकू. त्याला सुरंगी नावाची नऊ वर्षांची लेक होती. आई नव्हती. घरात एक चूल होती, दोन थाळ्या होत्या आणि रोजची पेज होती. पेजेत भात कमी आणि पाणी जास्त असे, पण दोघं एकमेकांच्या थाळीत भाताची शितं ढकलत, त्यामुळे शेवटी दोघांनाही सारखाच कमी भात मिळे.

त्या वर्षी शिमग्यात धाकू वाघाचं सोंग घेऊन नाचताना पडला आणि त्याचं उजवं मनगट मोडलं. वाघाचं सोंग होतं म्हणून त्याला उचलायला कोणी लवकर पुढे आलं नाही. होडी तेव्हा वाळूत टेकू लावून उभी होती. दर वर्षी धाकू तिच्या फळ्यांमधला जुना कापूस काढून नवा भरत असे. या वर्षी हात गळ्यात बांधलेला, तर भरणार कोण? होडी दोन महिने उन्हात उभी राहिली. लाकूड वाळलं, आक्रसलं आणि फटी रुंदावल्या. खेकडे एका बाजूने आत शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर पडू लागले. एकाने तर आत बिऱ्हाडच केलं.

गावचे मानकरी तात्या मिराशी होडीभोवती एक चक्कर मारून गेले. म्हणाले, "धाकू, वैशाखी पौर्णिमेला देवीची पालखी पलीकडे जत्रेला जाते. आज एकादशी. पौर्णिमेला तुझी होडी तरंगली नाही, तर खाडीचा उतार, म्हणजे इथे होडी चालवायचा हक्क, पलीकडच्या अंतोनाला देऊ. या वर्षापुरता नाही, कायमचा."

"तात्या, हात..." धाकू म्हणाला.

"हात तुझा मोडला, देवीचा नाही," तात्या म्हणाले आणि निघून गेले. खरं बोललं की त्यांना भूक लागत असे.

खाडीच्या टोकाला उंडीची राई होती. तिथली पानं इतकी तुकतुकीत हिरवी की त्यांत आभाळाचे निळे तुकडे दिसत. उंडीच्या फळांचं तेल काढून त्यात राळ वितळवली की होडीचे सांधे बुजवायचं लुकण होतं. दुसरं काही सुचेना म्हणून सुरंगी लगेच टोपली घेऊन फळं वेचायला गेली. बाकीचे लोक काठीने फांद्या झोडपत. सुरंगी खाली पडलेलीच फळं वेची, आणि त्यांतलीही थोडी मागे ठेवी.

"ती कोणासाठी ठेवतेस गो?" वरून एक चिमुकला आवाज आला.

"वटवाघळांसाठी," सुरंगीने वर न बघताच सांगितलं. मग तिने वर बघितलं.

फांदीवर करंगळीएवढी एक परी बसली होती. अंगात उंडीच्या पांढऱ्याशुभ्र पाकळ्यांचा झगुला, गळ्यात सोनपिवळ्या केसरांची माळ, आणि पाठीला दोन इवलेसे पंख. ते पंख कधी हिरवे दिसत, कधी मोरपंखी, कधी नुसतेच चमचम. तिच्या पावलांतून दवाचे थेंब ठिबकत आणि खाली पडण्याआधीच त्यांच्या चांदण्या होत.

"मी उंडीपरी. तुला तीन इच्छा देते," परी म्हणाली. "नियमही तीनच. ज्याच्यासाठी मागायचं त्याला हात लावून मागायचं. दिलेली इच्छा परत घेतली जात नाही. चुकलं तर पुढची खर्च करायची. आणि जेवढं मागशील तेवढंच मिळेल. मी विचार करत नाही, फक्त देते."

"मग विचार कोण करतं?"

"ते खातं आमच्याकडे नाही," परी म्हणाली.

सुरंगी धावत सुटली. होडीच्या तापलेल्या पोटाला तळहात लावून, डोळे मिटून ती म्हणाली, "या होडीत एकही फट राहू नये!"

सळसळ झाली, झिळमिळ झाली, आणि सगळ्या फळ्या एकमेकींना बिलगल्या. फटच काय, दोन फळ्या कुठे जुळतात तेही दिसेना. होडी शिंपल्यासारखी गुळगुळीत झाली आणि तिच्यावर गुलाबी, निळ्या, सोनेरी छटा लहरू लागल्या. खेकडा बिऱ्हाड गेलं म्हणून बाहेर वाळूत रागाने बसला.

गाव जमलं. शेजारची गंगूकाकी म्हणाली, "अग बाई, हिला तर आरशासारखं तोंड दिसतंय!" आणि तिने लगेच केस सारखे केले. धाकू हाडवैद्याकडे गेला होता. पण भरती आलेली होती, उत्साहालाही भरती आली होती, आणि ज्याची होडी त्याला विचारायची पद्धत अशा वेळी नसते. दहा जणांनी हात लावला आणि होडी पाण्यात ढकलली.

एक थेंब आत आला नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

घटकाभराने होडी कण्हली. मग करकरली. धाकू धावत येईपर्यंत कडाड असा आवाज झाला, मधली फळी धनुष्यासारखी वाकली, खिळ्यांतून सुटली आणि होडी कमरेभर पाण्यात बसली. लोकांना आपापली कामं आठवली.

सुरंगी रडत म्हणाली, "बाबा, मी एकही फट ठेवली नव्हती!"

"तेच तर झालं, बाय," धाकू हळूच म्हणाला. त्याने डावा हात ओल्या लाकडावर फिरवला. "वाळलेलं लाकूड तहानलेलं असतं. पाण्यात गेलं की पितं, आणि प्यालं की फुगतं. फुगायला जागाच नसेल तर ते बिचारं जाईल कुठे? फळी फळीला ढकलते, आणि त्यांतली एक मोडते. नखाच्या जाडीएवढी फट हवीच." त्याने तिचे डोळे पुसले. "तुझी चूक नाही. पोरीच्या हातात छिन्नी-मोगरी कशाला द्यायची, असं म्हणून मीच तुला कधी काही शिकवलं नाही."

दुपारच्या ओहोटीत होडी पुन्हा वाळूवर ओढली. सुरंगीने तिच्यावर तळहात ठेवला आणि परीला हाक मारली. परी काठावर येऊन बसली, पाय हलवत.

"प्रत्येक फट बाबांच्या नखाच्या जाडीएवढी होऊ दे," सुरंगी म्हणाली, "आणि सुटलेली फळी जागेवर बसू दे."

"या दोन इच्छा झाल्या."

"होडी तर एकच आहे."

परीने बोटांवर मोजलं, दोनदा मोजलं, आणि नाराजीने पंख झटकले. एक चंदेरी झुळूक आली, फळी सरळ झाली आणि फटी नीटस, सारख्या उघडल्या.

"आता एकच राहिली," परी म्हणाली. "कापूस भरून मागतेस?"

"हो! भर."

"किती? किती घट्ट? किती खोल?"

सुरंगीने एका फटीत नख घालून बघितलं. तिला ठाऊकच नव्हतं. "तुला नाही ठाऊक?"

"मी फुलांची परी आहे गो. होड्यांचं मला काय कळतं?" परी म्हणाली आणि किरणात विरघळून गेली.

मग सुरंगी शिकली. धाकू वाळूत पाय पसरून बसे आणि सांगे. कापसाचा लांब पेळू वळायचा, तो उंडीच्या तेलात भिजवायचा, फटीवर ठेवून बोथट छिन्नीने आत दाबायचा आणि छिन्नीवर लाकडी मोगरी मारायची. किती मारायची ते कानाने ठरवायचं. "ठप्प वाजलं तर कापूस सैल आहे," धाकू सांगे. "टण्ण वाजलं तर बरोबर. टिंग वाजलं तर तुझी हौस जास्त झाली. काढ आणि पुन्हा भर." वर तांदळाच्या दाण्याएवढी खोली सोडायची आणि त्यात राळेचं गरम लुकण ओतायचं. बाकीची जागा लाकूड स्वतः भरून काढतं.

पहिल्या दिवशी नुसतं ठप्प आणि टिंग वाजलं. दुसऱ्या दिवशी दुपारी एकदा टण्ण वाजलं, तेव्हा बापलेक दोघं दचकली. तिसऱ्या दिवशी टण्ण टण्ण असा आवाज खाडीभर जाऊ लागला आणि पाण्यावर बसलेले पांढरे बगळे ठेक्यात माना हलवू लागले.

पौर्णिमेची सकाळ उजाडली तेव्हा हातभर फट उरली होती, आणि कापूस संपला होता. गावात दुसरा कापूस नव्हता. सुरंगी म्हणाली, "बाबा, माझ्याकडे एक इच्छा आहे. मूठभर कापूस मागते." तिने होडीला हात लावला, एवढ्यात पाण्यावरून आरडाओरड ऐकू आली.

पलीकडून अंतोनाची होडी येत होती. उतार आजच मिळेल म्हणून तो जत्रेचे खाजेवाले, त्यांच्या टोपल्या आणि त्यांची पोरं इकडे पालखीपुढे खाऊ विकायला घेऊन आधीच निघाला होता. अंतोन पलीकडच्या गावातला सर्वांत दांडगा माणूस. त्याने कापूस कोरडाच घेऊन जीव खाऊन ठोकला होता, सगळा टिंग. आता एक फळी ढिली होऊन पाणी कारंज्यासारखं आत येत होतं. होडी काठापासून दहा हातांवर रेतीच्या दांड्याला अडकली होती आणि पोरं टोपल्यांवर चढली होती.

"अंतोना, काय झालं रे?" गंगूकाकी ओरडली.

"काही नाही! पाय धुतोय!" अंतोन घागरीने पाणी उपसत ओरडला.

गंगूकाकीने सुरंगीला कोपर मारलं. "भिजू दे मेल्याला गुडघाभर. उतार आपल्याकडेच राहील."

सुरंगीने आपल्या होडीकडे बघितलं. त्या हातभर फटीकडे बघितलं. मग तिने परकर खोचला आणि पाण्यात शिरली. छातीभर पाण्यातून ती अंतोनाच्या होडीपर्यंत गेली, तिच्या अंगाला तळहात लावला आणि एका दमात म्हणाली, "ढिली फळी बसू दे. सगळ्या सांध्यांत तेलात भिजवलेला कापूस असू दे, टण्ण वाजेल एवढाच, टिंग नको. वर दाण्याएवढं राळेचं लुकण. आणि लाकडाला फुगायला जागा राहू दे."

पाण्याखालून मोतिया प्रकाश वर आला. होडीच्या एकेका सांध्यातून चंदेरी धागा सळसळत गेला, कारंजं थांबलं, आणि टोपलीवरचं सर्वांत धाकटं पोर म्हणालं, "पुन्हा कर!"

अंतोन काठावर उतरला, तसं गंगूकाकीने त्याला पोरीची शेवटची इच्छा गेल्याचं सुनावलं. त्याने धाकूची होडी बघितली, ती हातभर फट बघितली, आणि कापसाचं रिकामं गाठोडं बघितलं. "तुझी इच्छा तू माझ्यावर घालवलीस गो?"

"पोरं होती आत," सुरंगी म्हणाली.

अंतोन आपल्या होडीत गेला आणि उरलेल्या कापसाचा गठ्ठा घेऊन आला. "मोगरी मी धरतो. तू कान दे. मला ते ठप्प-टिंग काही समजत नाही."

दुपारच्या भरतीला होडी पाण्यात गेली. आणि पाणी आत येऊ लागलं.

बोटभर आलं. चार बोटं आलं. तात्या मिराशी पालखीपुढून ओरडले, "गळतेय! धाकू, गळतेय तुझी होडी!"

"गळत नाही तात्या, पितेय," धाकू म्हणाला. "एक भरती थांबा."

"पालखी थांबणार?"

"थांबेल की," पालखीशेजारून पुजारी म्हणाला. "देवीला कुठे घाई आहे? घाई तुम्हाला आहे."

सगळे काठावर बसले. सुरंगी होडीत बसली. पाणी जिथवर आलं होतं तिथे तिने फळीवर गवताची काडी टेकवली आणि तिच्याकडे बघत राहिली. आता मागायला इच्छा उरली नव्हती. पाणी काडीच्या वर आलं. तिने काडी वर सरकवली. पुन्हा वर आलं. लोक कुजबुजू लागले. तिने तिसऱ्यांदा काडी सरकवली, आणि आतल्या आत लाकूड हळूच, समाधानाने कुरकुरलं, जेवून उठताना माणूस करतो तसं. उन्हं कलली. काडी कोरडीच होती.

"उपसा!" धाकू म्हणाला. अंतोनाने पाणी उपसलं. नवं पाणी आलं नाही. तात्यांनी स्वतः आत पाय ठेवून बघितलं, बराच वेळ काही सापडेना, तेव्हा म्हणाले, "उतार धाकूकडेच राहील. मी आधीपासून हेच म्हणत होतो."

होडीच्या नाळेवर, अगदी पुढच्या टोकाला, परी येऊन बसली. ती फक्त सुरंगीला दिसत होती. मावळतीच्या केशरी उन्हात तिचे पंख दिव्याच्या वातींसारखे पेटले होते. "स्वतःची इच्छा जो दुसऱ्याच्या होडीवर खर्च करतो, त्याला चौथी मिळते. असा नियम आहे."

"हा नियम आधी का नाही सांगितलास?"

"सांगितला असता तर सगळेच चांगले वागले असते," परी म्हणाली. "मग आम्हाला कळलं कसं असतं?"

सुरंगीने बाबांच्या मोडक्या मनगटावर तळहात ठेवला आणि हळूच काहीतरी म्हटलं. परी हसली. तिच्या झगुल्याच्या पाकळ्या एकेक करून सुटल्या, सोनेरी झाल्या, आणि एका मोठ्या उजेडात ती हलके हलके मिसळून गेली. सगळी खाडी क्षणभर लखलखली. लोकांना वाटलं, चंद्र उगवला. तो तर उगवलाही होता.

धाकूने गळ्यातली झोळी काढून बघितली, मनगट फिरवून बघितलं, आणि दोन्ही हातांनी वल्हं उचललं. पालखी होडीत आली. अंतोन आपल्या होडीत खाजेवाल्यांना घेऊन मागून येत होता. खाडीच्या मध्यावर, जिथे पाणी सर्वांत खोल आहे, तिथे धाकूने विचारलं, "सुरंगी, बघ गो, आत पाणी आलं का?"

सुरंगीने वाकून तळावर हात फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एकेक सांधा.

"नाही बाबा. कोरडी आहे."

बारा फळ्यांची ही कहाणी अकरा सांध्यांत भरली, आणि तरंगत पलीकडे पोहोचली.